चांगला पाय आधी

आमच्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या मॅडमना सगळे सावकाशबाई म्हणतात. अर्थात त्यांच्या पाठीमागे. हे नाव कोणी ठेवलं ते मला ठाऊक नाही. आळ मात्र नेहमी माझ्यावर येतो, कारण माझं तोंड जरा सैल आहे.

मी प्लास्टरवाला. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते कापून काढायचं, हा माझा उद्योग. पोरं मला प्लास्टरमामा म्हणतात. व्हरांड्याच्या एका टोकाला माझी खोली, दुसऱ्या टोकाला मॅडमची. मधला व्हरांडा लांबलचक, एका बाजूने खिडक्या आणि दुसऱ्या बाजूने बाकडी. मॅडमची खोली पूर्वी चादरी ठेवायची कोठी होती. कोठीला खिडकी नव्हती, आणि सोनोग्राफीला अंधार लागतो, म्हणून ती त्यांच्या गळ्यात मारली. दुसरी कोणी असती तर कुरकुरली असती. या बाईंनी दोन दिवसांत भिंतींना आकाशी रंग लावून घेतला, छताला कागदी मासे टांगले आणि वर मलाच विचारलं, "कशी वाटते खोली, मामा?" मी म्हटलं, "चादरींना बरी होती."

त्या हसल्या. त्यांचं हसणंही सावकाशच. आधी डोळे, मग गाल, मग आवाज. समोरचा तोवर दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

त्यांचं काम म्हणजे लहान मुलांचे स्नायू आणि हाडं बघणं. सोनोग्राफी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोटुशी बाई येते. एकदा एक बाप असा काही भडकला! मुलाला पोटरीत मुका मार लागलेला, आणि कागदावर सोनोग्राफी लिहिलेली. "माझा मुलगा काय गरोदर आहे का?" असं तो अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. मॅडम दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "असला तर आधी मला सांगा हं, माझं जगभर नाव होईल." सगळी बाकडी हसली. बापही हसला, आणि हसता हसता आत गेला.

आत गेलं की त्यांची पद्धत ठरलेली. जेलची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी असते, कारण गार जेल अंगाला लागलं की पोरं किंचाळतात. मग त्या आपल्याच हाताला जेल लावतात आणि प्रोब मुलाच्या हातात देतात. प्रोब म्हणजे ते दाढीच्या मशीनएवढं यंत्र, अंगावर फिरवलं की आतलं पडद्यावर दाखवणारं. "बघ, माझ्या आत काय आहे." मुलगा त्यांचा हात तपासतो. "हे पट्टे पट्टे दिसतात ना, तो स्नायू. ही पांढरी रेघ म्हणजे हाड. आता मी बोट हलवते." बोट हललं की पडद्यावरचे पट्टे सरकतात, आणि रडणारं पोर रडायचं विसरतं. एक्स-रे म्हणजे फोटो, इथे सगळं हलताना दिसतं. मग ते पोर म्हणतं, आता माझं बघा. याला कधीकधी इतका वेळ लागतो की तेवढ्यात मी दोन पाय आणि एक मनगट बांधून मोकळा होतो.

पण माझं डोकं फिरवायची ती त्यांची दुसरी पद्धत. दुखरा हात असो वा पाय, त्या आधी चांगला तपासतात. नेहमी. पोराचा डावा कोपर सुजलेला समोर दिसतोय आणि बाई उजव्या कोपरावर जेल लावतायत! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. मी एकदा तोंडावर तसं म्हणालोही. तर म्हणाल्या, "मामा, लहान मुलांची हाडं पुरती झालेली नसतात. मधे मधे कूर्चा असते, मऊ, वाढणारी. ती जागा चिरेसारखी दिसते. कोणाच्यात कमी, कोणाच्यात जास्त. आता या पोराची किती, हे मला कोण सांगणार? त्याचा दुसरा कोपरच ना?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण त्याच आठवड्यात एक गंमत झाली होती. चार वर्षांच्या एका मुलीच्या कोपराला चीर आहे असं वाटून तिला माझ्याकडे पाठवणार होते. मी तत्पर माणूस. पट्टी पाण्यात भिजवून वाट बघत बसलो. बाईंनी आधी चांगला कोपर पाहिला, तर त्यातही तश्शीच चीर. म्हणजे चीर नव्हतीच, वाढीची जागा होती. मुलगी उड्या मारत घरी गेली आणि माझी पट्टी भांड्यात दगड होऊन बसली. बाई आल्यापासून माझं काम खरंच कमी झालंय. आमची ही म्हणते, "बरं आहे की, पोरं कमी बांधली जातात." तिचं बरोबर आहे, पण असं तोंडावर म्हणायचं नसतं.

मॅडमच्या यजमानांनी या सावकाशपणावर आपला उपाय शोधलाय. ते त्यांना घ्यायला दुपारी गाडी घेऊन येतात. दोनदा हॉर्न वाजवतात, मग सीट मागे करून पुस्तक उघडतात. त्या गाडीत बसून त्यांनी जाडजाड कादंबऱ्या संपवल्यात. मी एकदा विचारलं, "साहेब, राग नाही येत?" ते म्हणाले, "लग्नानंतर पहिलं वर्षभर आला. मग मी रहस्यकथा वाचायला लागलो."

तर हे असं चालू असताना एका सकाळी ती मुलगी आली.

बारा वर्षांची. काटकुळी, गुडघ्यांवर जुन्या खरचटल्याच्या खुणा, केस मुलासारखे कापलेले. एका बाजूला आई, बसची कंडक्टर, गणवेशातच, ड्यूटी अर्धी टाकून आलेली. दुसऱ्या बाजूला धावण्याच्या शिक्षिका. आणि मागे बदकाच्या पिल्लांसारख्या तीन मुली, तिच्याच वयाच्या. रविवारी चौघींची रिले होती. ही शेवटची, म्हणजे सगळ्यांत वेगवान. आदल्या संध्याकाळी सरावात सुरुवात करतानाच ही मटकन खाली बसली. शिक्षिका लांब होत्या, नेमकं काय झालं ते त्यांना दिसलं नाही. ही म्हणाली, डावा पाय मुरगळला, बाकी काही नाही. पण शिक्षिका खमक्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय रविवारी मैदानावर पाऊल ठेवायचं नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी पाहिलं. डावी मांडी दाबली तेव्हा ती "आई गं" म्हणाली. कमरेचा एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. तरी शंका नको म्हणून सोनोग्राफी लिहिली. मी तिला चाकाच्या खुर्चीतून मॅडमच्या खोलीत सोडलं. वाटेत ती मला विचारत होती, "मामा, आत नुसतं बघतात ना? सुई नाही ना? आणि काही सापडलं नाही तर लगेच सोडतात ना?" मी म्हटलं, "लगेच काही नसतं बाई त्या खोलीत." तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, घाबरली असेल बिचारी.

त्या दिवशी बाकड्यांवर मुंगीला जागा नव्हती. खोलीत पडदा ओढलेला, आत मॅडम, मुलगी आणि आई. मी पडद्याबाहेर रिकामी खुर्ची धरून उभा. मला आत दिसत नव्हतं, पण कान माझे शाबूत आहेत.

"कुठला पाय दुखतो?" मॅडमनी विचारलं.

"डावा," मुलगी म्हणाली.

"डावाच म्हणते कालपासून," आई म्हणाली.

"बरं. मग उजव्यापासून सुरू करू."

"नको!" मुलगी ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे, उजवा चांगला आहे. तो कशाला?"

मला वाटलं, चला, या खोलीत एक तरी शहाणं माणूस आलं. मी पडद्याबाहेरून म्हणालो, "मॅडम, बाहेर फार गर्दी झालीय. आजच्या दिवस थेट दुखरा पाय बघा की."

"हो ना!" आतून मुलगी म्हणाली. "मामा अगदी बरोबर सांगतायत!"

इतक्या वर्षांत कुठल्या पेशंटने माझी अशी बाजू घेतली नव्हती. मला बरंही वाटलं आणि जरा खटकलंही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसा तो आवाज होता.

"सावकाश," मॅडम म्हणाल्या. मला की तिला, कोण जाणे. बाटलीचा आवाज झाला. उजव्यालाच बराच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "आता डावा." डावा पाय वर उचलायला सांगितला, तिने उचलला. वळवायला सांगितला, वळवला. "छान. डावा अगदी झकास आहे." मला वाटलं संपलं. मी खुर्चीचा ब्रेक काढला.

"आता हा उजवा पाय उचल बरं."

काही आवाज नाही.

"बाळा, हा चांगला आहे ना? मग उचल की."

मग जे ऐकू आलं ते म्हणजे आईचा आवाज. "अगं, तू रडतेस का? काय झालं? मॅडम, हिला काय झालं?"

पोरीने सगळ्यांना गुंडाळलं होतं. दुखत होता उजवा. पण डॉक्टर डावा तपासतील, काही सापडणार नाही, 'ठीक आहे' असं लिहून देतील आणि रविवारी पळायला मिळेल, असा तिचा हिशोब. लंगडलीसुद्धा ती डाव्या पायाने. कसं जमवलं असेल, काय माहीत. मी घरी जाऊन आरशासमोर करून पाहिलं. मला नाही जमलं.

आईचा पारा चढला. "लाज नाही वाटत? मी बस डेपोत सोडून आले, आणि तू…"

"थांबा, ओरडू नका," मॅडम म्हणाल्या. "आधी दोघी इकडे बघा. हा तुझ्या मांडीचा मोठा स्नायू. बघ केवढा दणकट आहे. आणि हा कमरेच्या हाडाचा कोपरा, ज्याला तो धरून असतो. तुझ्या वयात हा कोपरा अजून मऊ असतो, म्हणून एक्स-रेत दिसत नाही. काल तू जोरात सुटलीस आणि स्नायूने कोपराच ओढून घेतला. ही मधली काळी फट दिसते? डाव्या बाजूला आहे का बघ अशी? नाही ना?"

"स्नायूनं हाड ओढलं?" मुलगी नाक ओढत म्हणाली. मला शपथेवर सांगता येईल, त्या आवाजात थोडा अभिमान होता.

"हो. इतकी जोरात सुटलीस तू."

"मी नसले तर त्या हरतील."

"हरतील कदाचित. पण तू रविवारी पळालीस तर ही फट वाढेल. मग ऑपरेशन, आणि नंतर कधी नीट पळता येईल की नाही, ते मी तुला आज सांगू शकत नाही. आत्ता पाय सांभाळलास तर हे आपोआप भरतं. तुझं पळणं हवंय की तुझा रविवार, एवढंच बघ."

त्यावर पोरगी जी रडली, ती मोठ्याने, बारा वर्षांच्या मुलीसारखी. आईही तिच्याबरोबर रडली, आणि ओरडत ओरडतच तिला पोटाशी धरलं. मॅडमनी घाई केली नाही. बाहेर रांग, एव्हाना दुपार होऊन गाडीत यजमान, आणि बाई टिशूचा रोल हातात धरून बसलेल्या. शेवटी मुलीनेच विचारलं, "त्यांना कोण सांगणार?"

"तूच सांग."

मी तिला खुर्चीतून बाहेर आणलं. तिघी उठून उभ्या राहिल्या. ही म्हणाली, "मी खोटं बोलले. उजवा आहे. हाडाचा तुकडा सुटलाय." मग त्यांतली एक ठेंगणी म्हणाली, "तुकडा? दाखव ना!" आणि तिघी मॅडमच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी दाखवला हो! रांगेतल्या लोकांनी कपाळाला हात लावला. मीही लावला, पण डोकावून मीही पाहिलं.

रविवारी मॅडम मैदानावर गेल्या. यजमान गाडीत पुस्तक घेऊन बसायला निघाले होते, त्यांनाही ओढून नेलं. मी गेलो ते आपलं सहज. मुलगी कुबड्या घेऊन शेवटच्या वळणावर उभी होती आणि असं ओरडत होती की पंच दचकत होते. तिच्या जागी ती ठेंगणी धावली. जीव तोडून धावली आणि तिसरी आली. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग शिक्षिकांनी सगळ्यांना आईस्क्रीम दिलं आणि रडणं थांबलं. माझ्या वाट्याला कुबड्या धरून उभं राहायचं काम आलं.

खरी अडचण नंतर सुरू झाली.

कुबड्या गेल्या. ती दर काही दिवसांनी येई, मॅडम बघत, फट भरत चाललेली. मग एका खेपेला मॅडम म्हणाल्या, "झकास भरलीय. आता हळूहळू पळायला लाग." मुलगी "हो" म्हणाली. आई खूश, शिक्षिका खूश. पण पोरगी पळेना. मैदानावर जाई, चाले, बूट सोडे, पुन्हा बांधे. शिक्षिकांनी विचारलं की म्हणे, "दुखतंय अजून." दोन आठवडे गेले तरी दुखतंच. शेवटी आई पुन्हा घेऊन आली. यावेळी तिचा राग कुठच्या कुठे गेला होता. व्हरांड्यात माझ्यापाशी थांबून ती हळूच म्हणाली, "मामा, ही जन्मली तेव्हापासून पळतेय हो. घरात कधी चालत आली नाही. आता जिनासुद्धा कठडा धरून उतरते. मला बघवत नाही."

मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पोरीचा मला लळा लागला होता.

दुपार झाली होती, बाकडी रिकामी. मॅडमनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग मशीन बंद केलं. पडदा उघडाच होता, मी दारात होतो.

"दुखत नाहीये तुझा पाय," त्या म्हणाल्या.

मुलगी छताकडच्या माशांकडे बघत राहिली.

"मागच्या वेळी दुखत होता आणि तू नाही म्हणालीस. आता दुखत नाही आणि हो म्हणतेस. काय करावं बाई तुझं?"

मग ती बोलली. "मला तो आवाज आला होता. कट्‌ असा. आतून. सुरुवातीच्या रेघेवर उभी राहिले की मला तोच ऐकू येतो."

मॅडम उठल्या, पांढरा कोट काढला आणि माझ्या हातात दिला. चपला काढून दाराशी ठेवल्या. पन्नाशीच्या बाई, अंगाने चांगल्या भरलेल्या, अनवाणी व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, तुमच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहा. तुम्ही पंच. आणि तू ये इकडे, माझ्या शेजारी उभी राहा. नुसती उभी राहा. पळायचं तर मला आहे."

"तुम्ही पळणार?" मुलगी म्हणाली.

"मग काय! एक, दोन, तीन म्हणायचं आणि पळायचं. त्यात काय?"

मी टोकाला जाऊन उभा राहिलो. आई भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून. मॅडमनी एक पाय पुढे टाकला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "एक… दोन…"

आणि सुटल्या. तीन म्हणाल्याच नाहीत.

"अहो!" मुलगी किंचाळली. "तीन कुठे म्हणालात? हे चीटिंग आहे! अहो मॅडम!"

आणि ती निघाली. तिने विचार केला नाही, खाली पाहिलं नाही. रागाने पळाली. मॅडम बिचाऱ्या जीव खाऊन पळत होत्या, फरशी थपथप वाजत होती, चेहरा लालबुंद. मुलीने त्यांना पाचव्या खिडकीपाशीच गाठलं आणि वाऱ्यासारखी पुढे गेली. काय ती पळाली! पाय जमिनीला लागत होते की नाही, मला सांगता येणार नाही. माझ्यापाशी पोचली तरी थांबेना. माझ्या खोलीशेजारचं दार उघडं होतं, त्यातून ती अंगणात गेली, गाडीला वळसा घातला, यजमानांच्या हातून पुस्तक पडलं, आणि ती पुन्हा आत आली. मी दोन्ही हात वर करून "पहिली! पहिली!" असं ओरडत होतो. रुग्णालयात शांतता राखा, ही पाटी माझ्याच डोक्यावर होती.

मॅडम व्हरांड्याच्या मध्यावर भिंत धरून उभ्या होत्या. हसता येत नव्हतं इतका दम लागलेला, तरी हसत होत्या. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती. मुलगी मॅडमपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला साधी धापही लागली नव्हती.

"तुम्ही फसवलंत," ती म्हणाली. "पुन्हा पळायचं. यावेळी मामा मोजतील."

"थांब जरा," मॅडमनी कसंबसं विचारलं. "दुखलं का?"

मुलगी थबकली. तिने उजव्या पायाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "बघायचंच राहिलं."